फीत कापेपर्यंत

पुस्तकं आधी ट्रंकेत होती आणि ट्रंकेला कुलूप नव्हतं. पुढे जे झालं ते कळायला खरं तर एवढं पुरे आहे. पण आमच्या शाळेत साधी गोष्ट साधेपणाने होऊ देण्याची पद्धत नव्हती, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पन्नास सालानंतरची वर्षं होती. बोरीवलीला तेव्हा मुंबईचे लोक हवापालटाला येत आणि चार दिवसांत कंटाळून परत जात. स्टेशन आणि खाडी यांच्यामधल्या एका वाडीत लांबट कौलारू इमारतीत आमचं हायस्कूल भरे. मी तिथे गणित आणि शास्त्र शिकवत होतो. मुलं कारकुनांची, गिरणीत जाणाऱ्या कोकणातल्या माणसांची, तबेलेवाल्यांची आणि गोराईहून होडीने खाडी ओलांडून येणारी दोन-चार.

मराठीच्या बाई त्या जूनमध्ये नव्या लागल्या. तिशीच्या आतल्या, उंच, बोलणं तुटक. त्यांचे वडील कोकणात शाळामास्तर होते. ते गेले तेव्हा घर भावाकडे गेलं आणि पुस्तकं बाईंकडे आली. भावाने ती बंबात घालायची ठरवली होती, असं बाई सांगत. सांगताना त्यांच्या आवाजात राग नसे. बंब तापवायला काहीतरी लागतंच, असा सूर असे. बोटीने आणि मग गाडीने त्यांनी ती पुस्तकं इथवर आणली, आणि राहत्या खोलीत ट्रंक ठेवायला जागा नाही म्हणून, की तेवढंच निमित्त करून, नववीच्या वर्गात मागच्या भिंतीशी आणून ठेवली. काळी, पत्र्याची, कोपरे चेपलेली ट्रंक. झाकण उघडं.

'वाचनाची गोडी लावणे' हे शब्द मला कधी आवडले नाहीत. कडू गोळीला मध लावल्यासारखे वाटतात. बाई मध लावत नव्हत्या. शुक्रवारच्या शेवटच्या तासाला त्या ट्रंकेतलं एक पुस्तक काढून मोठ्याने वाचत. चांगलं वाचत, अभिनय न करता. माणूस विहिरीत डोकावतो आहे, आत काहीतरी हललं आहे, अशा जागी आल्या की पुस्तक मिटत.

"बाई, पुढे?"

"पुढचं ट्रंकेत आहे," म्हणत आणि डस्टर उचलून बाहेर पडत.

मग मागच्या भिंतीशी जी झोंबाझोंबी होई तिचा आवाज शेजारच्या वर्गात माझ्या भूमितीपर्यंत येई. "सोड ना, मी आधी हात लावला." "तुझा हात लागला तर काय तुझ्या बापाचं झालं?" मी एकदा बाईंना म्हटलं, "नोंद तरी ठेवा. कोणी काय नेलं ते कळेल."

"नोंद ठेवली की मुलं पुस्तक परत करण्यासाठी नेतात," त्या म्हणाल्या. "वाचण्यासाठी नाही."

मी गणिताचा माणूस. मला ते पटलं नाही. पण पुस्तकं परत येत होती, हे खरं. बाई आलेलं पुस्तक नाकाशी नेत आणि सांगत, "हे तबेल्यात राहून आलंय." किंवा, "बोंबलाचा वास आहे. म्हणजे चुलीपाशी वाचलं. आई ओरडली असेल." पुस्तक आणणारी मुलगी मान खाली घालून हसे. एका पुस्तकाच्या पानांत खाडीची वाळू निघाली. ती बाईंनी झटकली नाही.

संस्थेचे अध्यक्ष लाकडाच्या वखारीचे मालक होते. माणूस चांगला. शाळेचं भलं करायची इच्छा असलेला, आणि ती इच्छा मनातच ठेवण्याची सवय नसलेला. एका शुक्रवारी ते हेडमास्तरांबरोबर व्हरांड्यातून चालले होते. मागच्या भिंतीशी मुलांचा ढीग पाहून ते थांबले. चौकशी केली. त्यांचे डोळे भरून आले. मी समोरच होतो; खरोखरच भरून आले.

"वाचनाची एवढी तहान," ते म्हणाले, "आणि पुस्तकं कुठे, तर ट्रंकेत? पत्र्याच्या?"

त्या क्षणी बाईंनी ट्रंक उचलून घरी न्यायला हवी होती असं मी पुढे त्यांना एकदा म्हटलं. त्या म्हणाल्या, "घरी जागा नव्हती हो." ते मात्र खरंच होतं.

कपाट बैलगाडीतून आलं. अध्यक्षांनी ते आपल्याच वखारीत करवून घेतलं होतं, आईच्या स्मरणार्थ. वरच्या पट्टीवर आईचं नाव, दोन्ही बाजूंना कोरीव मोर, समोर काचेची दारं, पितळी कुलूप. शिक्षकांनीच ते उतरवून कोपऱ्यातल्या खोलीत नेलं. मागची बाजू माझ्याकडे आली होती. दर्शनी भाग सागवानी होता. पाठ मात्र खोक्याच्या पांढऱ्या लाकडाची होती, हलकी, नखाने ओरखडा उठेल अशी. भिंतीकडे जाणारी बाजू, कोण बघतंय? आम्ही ते कपाट भिंतीला अगदी चिकटवून उभं केलं, कारण अध्यक्ष म्हणाले, "मधे फट नको. वाईट दिसते."

मग ठरलं की ग्रंथालयाचं उद्घाटन दसऱ्याच्या सुमारास व्हावं, आणि ते मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते व्हावं. पाहुणे कोण हे सांगण्यात अर्थ नाही. त्या काळी प्रत्येक उपनगराचा एक मोठा पाहुणा असे आणि तो सदैव दुसऱ्या उपनगरात अडकलेला असे.

तोपर्यंत पुस्तकं वापरायची नाहीत, असंही ठरलं.

"म्हणजे?" बाईंनी सभेत विचारलं.

अध्यक्ष समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, घरी सणाला ताट वाढलं, तर नैवेद्य दाखवायच्या आधी कोणी त्याला हात लावतं का? मुलं भुकेली असली तरी थांबतात की नाही? पाहुण्यांच्या हातून फीत कापली जायची आणि पुस्तकं आधीच उष्टी झालेली. कसं दिसेल ते?"

सभेतल्या सगळ्यांना ते पटलं. हसू नका, तुमच्याही घरी ताट थांबलेलं असतं. मलाही क्षणभर पटलं, कारण उपमा चांगली होती, आणि चांगल्या उपमेसमोर माणूस गणित विसरतो. बाई एवढंच म्हणाल्या, "ती उष्टीच आहेत. माझ्या वडिलांनी सगळी वाचलेली आहेत." ते इतिवृत्तात आलं नाही.

मुलांना निरोप गेला: घरी असलेली सगळी पुस्तकं परत. वर्गाची मॉनिटर ही टापटीप, दोन वेण्यांची, कधी उशीर न करणारी मुलगी होती. तिने दुसऱ्याच दिवशी आपलं पुस्तक आणून बाईंच्या हातात दिलं. अर्धंच वाचून झालं होतं. आपण कुठे थांबलो ते पुढे कळावं म्हणून तिने त्यात मोराचं पीस ठेवलं होतं.

"पीस राहू दे आत," बाई म्हणाल्या. "दसऱ्यानंतर तुलाच देईन."

एका दुपारी सगळ्या वर्गाने मिळून पुस्तकांना कव्हरं घातली. आपल्याकडे जूनमध्ये घरोघरी तो कार्यक्रम असतोच. पण तिथे कागद दुमडून घालतात. हेडमास्तरांना दुमड चालेना. पाहुण्यांच्या हातात कव्हर निसटलं तर? म्हणून तपकिरी कागद पाठीला आणि पुठ्ठ्यांना खळीने पक्के चिकटवायचे होते. गव्हाच्या पिठाची खळ मोठ्या पातेल्यात शिजवली होती. मी म्हटलं, बाइंडर खळीत मोरचूद घालतात, किडा लागत नाही. हेडमास्तर म्हणाले, "मोरचूद विष आहे. मुलांच्या हातात विष देऊ?" त्यांचं म्हणणंही चूक नव्हतं. मुलांनी फार मन लावून काम केलं. जो तो आपल्या आवडत्या पुस्तकाला जास्त खळ लावत होता. हे मला नंतर आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

हेडमास्तरांनी स्वतः टाक घेऊन पाठींवर लाल शाईने आकडे घातले. नावं नाहीत; आकडे सारख्या उंचीचे येतात. काचेमागे पुस्तकं एका रांगेत उभी राहिली, एकसारखी, गणवेश घातल्यासारखी. दोन्ही मुठींना लाल फीत बांधली. किल्ली अध्यक्षांनी घरी नेली आणि देव्हाऱ्यात ठेवली.

दसऱ्याला पाहुणे आले नाहीत. दिवाळीनंतर येतो म्हणाले.

मुलं मधल्या सुट्टीत खोलीत येत आणि काचेला नाक लावत. "ते बघ, ते विहिरीवालं." "ते नाही रे, ते जाडं होतं." "आता कव्हर घातलंय ना, सगळीच जाडी दिसतात." शुक्रवारच्या तासाला बाई आठवेल तसं तोंडी सांगत आणि नेमक्या जागी थांबत. मुलं पुढे काय म्हणून विचारत. "पुढचं कपाटात आहे," बाई म्हणत. पहिल्या काही वेळा मुलं हसली.

दिवाळी झाली. पाहुण्यांनी संक्रांतीनंतरचं सांगितलं.

त्याच सुमारास, सकाळची शाळा भरायच्या आधी, बाईंनी मला कोपऱ्यातल्या खोलीत बोलावलं. भिंतीकडे बोट दाखवलं. जिथे फरशी आणि भिंत मिळतात तिथून मातीची एक रेघ निघाली होती. बोटाएवढी रुंद, तांबूस, किंचित ओलसर, आणि हाताने ओढावी तशी सरळ. ती वर जात जात कपाटाच्या मागे गेली होती आणि तिथे दिसेनाशी झाली होती.

बोरीवलीत वाळवी ओळखायला शिक्षण लागत नाही. तिथे प्रत्येकाच्या घरी ती कधी ना कधी आलेली असते. बाईंनी फूटपट्टीने रेघ खरवडली. आतून पांढरे किडे सांडले आणि भांबावून इकडेतिकडे पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेघ पुन्हा होती. त्याच जागी, तेवढीच सरळ. आम्ही पुन्हा खरवडली. तिसऱ्या दिवशीही होती. एखाद्या शांत माणसाशी भांडताना जसं वाटतं, की हा ओरडत का नाही, तसं मला त्या रेघेपुढे वाटायला लागलं.

हेडमास्तरांनी ती पाहिली. "हं," म्हणाले. "कपाट हलवता येणार नाही. फीत तुटेल."

"फीत दुसरी बांधता येईल," मी म्हटलं.

"तुम्ही लेखी द्या, मी वर पाठवतो."

मी लेखी दिलं. बाईंनीही दिलं. वर म्हणजे अध्यक्ष, आणि ते वखारीत बसत, शाळेपासून हाकेच्या अंतरावर. उत्तर आलं नाही, तेव्हा आम्ही दोघं संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो.

त्यांनी आम्हाला झोपाळ्यावर बसवलं, चहा दिला, बाईंच्या वडिलांची आपुलकीने विचारपूस केली. आतल्या देव्हाऱ्यात समई लागली होती. चांदीच्या वाटीत आमची किल्ली होती. तिला हळदकुंकू वाहिलेलं इथूनही दिसत होतं.

"बाई, वाळवी आणि माझ्या कपाटाला?" ते हसले. "सागवान आहे ते. वाळवीचे दात पडतील."

"पाठ सागवानी नाही," मी म्हणालो.

झोपाळ्याच्या कड्या कुरकुरल्या. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "मास्तर, तुम्ही काय शिकवता?"

"गणित आणि शास्त्र."

"मग लाकडाचं मला बघू द्या."

बाईंनी कप खाली ठेवला. "मला कपाट नको. उद्घाटनही तुमचंच. मला एकदा फक्त ती पुस्तकं बाहेर काढून उन्हात ठेवू द्या. एक दुपार. मग परत आत ठेवते, मोजून घ्या. माझ्या वडिलांचं दुसरं काही माझ्याकडे नाही."

मी बाईंना कोणापाशी काही मागताना तेवढं एकदाच ऐकलं.

अध्यक्षांचा चेहरा मऊ झाला. ते दुष्ट असते तर काम सोपं झालं असतं. ते म्हणाले, "बाई, तुमच्या भावना मला कळतात. माझ्याही आईचं नाव आहे त्यावर. पण नैवेद्याच्या ताटावरचं केळीचं पान मधेच उचलून बघायचं नसतं. पाहुण्यांची तारीख आता पक्की आहे. तोवर भिंतीचं मी बघतो."

भिंतीचं त्यांनी बघितलं. पाहुणे येणार म्हणून शाळेला चुना काढायचाच होता. तो कोपऱ्यातल्या खोलीपासून सुरू केला. रंगाऱ्याने कपाटाला हात न लावता, त्याच्या कडेपर्यंत, मातीच्या रेघेवरूनच कुंचला फिरवला. भिंत झकास पांढरीशुभ्र झाली. हेडमास्तरांनी आम्हाला बोलावून दाखवली. "गेली का नाही?"

दोन दिवसांनी पांढऱ्या चुन्यावर तांबडी रेघ उमटली. आता ती लांबूनही दिसत होती. हेडमास्तरांनी तिच्यासमोर कुंडी ठेवली.

आवाज आधी मुलांना ऐकू आला. दुपारच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले, की कपाटाच्या कडेला कान लावला तर आत कोरड्या पाचोळ्यावरून कोणी बोटं फिरवतंय असं वाटे. खूप हळू. थांबून थांबून. मुलं रांगेने कान लावू लागली. "ऐक, ऐक. वाचतायत." "कोण?" "तेच. आपल्याआधी." कोणी हसलं नाही. जे एरवी ट्रंकेवर एकमेकांना ढकलत ते इथे एकमेकांना जागा करून देत होते, आजाऱ्याच्या खोलीत देतात तशी. मीही एकदा कान लावला. शास्त्राच्या दृष्टीने त्यात काही विशेष नाही. हजारो जबडे एका वेळी चालले की तसा आवाज होतो. मी पुन्हा लावला नाही.

शुक्रवारी बाई सांगायच्या आणि थांबायच्या. पुढे काय, हे आता मुलं विचारत नव्हती.

गोराईहून येणाऱ्या मुलींपैकी एकीने पुस्तक परत दिलंच नव्हतं. तिच्या नकळत बाकावरच्या शेजारणीने ते हेडमास्तरांना सांगितलं. त्यांनी बाईंना समज दिली: नोंद न ठेवण्याचा हा परिणाम, आणि अशी आणखी किती बाहेर असतील देव जाणे. बाईंनी मुलीला मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बोलावलं. मी तिथेच वह्या तपासत होतो.

"पुस्तक कुठे आहे?"

"घरी, बाई."

"संपलं नाही अजून?"

"संपलं. आता आईला वाचून दाखवते. ती जाळं विणताना ऐकते." मग घाईने, "उद्या आणते. शप्पथ."

बाईंनी खोलीच्या दाराकडे पाहिलं. "होडीत भिजेल," त्या म्हणाल्या. "राहू दे."

"पण सर म्हणाले..."

"राहू दे गं."

उद्घाटन वार्षिक परीक्षेच्या थोडं आधी झालं. मांडव, लेझीम, स्वागतगीत, हार. पाहुणे बऱ्याच उशिरा आले; मुलं उन्हात उभी होती. पाहुण्यांनी वाचनावर भाषण केलं. ग्रंथ हे गुरू, ग्रंथ हे मित्र, ग्रंथ हे दीपस्तंभ. एवढी नाती एकदम जोडली की त्यातलं एकही निभवावं लागत नाही. बाई मांडवाच्या कडेला उभ्या होत्या. त्या इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसल्या होत्या, आणि मला उगाच वाटलं, बाई कुणाच्या तरी तेराव्या दिवसाला आल्या आहेत.

मग सगळे कोपऱ्यातल्या खोलीत गेले. म्हणजे पाहुणे, अध्यक्ष, हेडमास्तर, फोटोवाला, आणि दाटीवाटीने आम्ही काही शिक्षक. मुलं खिडक्यांना लटकली. फीत कापली. किल्ली फिरली. दारं उघडली तेव्हा खोलीत एक वास आला, पावसाळ्यात तळघर उघडल्यावर येतो तसा. पुस्तकं मात्र होती तशीच होती. तपकिरी पाठी, लाल आकडे, एकसारखी उंची. अध्यक्षांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेत विजय होता आणि क्षमाही.

"साहेब, एखादं हातात घ्या," फोटोवाला म्हणाला.

पाहुण्यांनी मधल्या फळीवरच्या एका पुस्तकाच्या पाठीला बोट लावलं, ओढायला. बोट आत गेलं. कागद हळूच दबला आणि बोट पेरापर्यंत आत गेलं, ओल्या भिंतीत जावं तसं. पाहुणे थांबले. ते अनुभवी गृहस्थ होते. त्यांनी बोट बाहेर काढलं, त्यावरची तांबडी माती पाहिली, दुसऱ्या हाताने रुमाल काढून ती पुसली, आणि रुमाल घडी घालून खिशात ठेवला. हे सगळं त्यांनी हार सावरावा इतक्या सहज केलं. मग काचेच्या दारावर हात ठेवून फोटोवाल्याकडे पाहिलं.

"उत्तम संग्रह आहे," ते म्हणाले. "मुलांनी लाभ घ्यावा."

टाळ्या झाल्या. खिडकीतली मुलंही वाजवत होती. पाहुण्यांच्या जवळ मी आणि बाई होतो. बाकी कोणी ते बोट पाहिलं असेल असं मला वाटत नाही. फोटो पुढे हेडमास्तरांच्या खोलीत लागला. त्यात पुस्तकं फार छान दिसतात.

गाडी गेली, मांडव सुटला, आणि किल्ली बाईंना मिळाली. मुलं दारात येऊन उभी होती. बाईंनी पहिलं पुस्तक काढलं. कव्हर हातात आलं. आतली सगळी माती फरशीवर पडली आणि तिच्यातून किडे निघाले. दुसरं काढलं. जिथे खळ जास्त होती तिथे तर कागदाचा कण नव्हता. वाळवीने पुठ्ठ्याच्या आकाराची, कोपरेसुद्धा असलेली मातीची पुस्तकं रचली होती. कपाटाची पाठ बोटाने ढकलली तशी आत गेली. वरच्या पट्टीवरचं नाव आणि दोन्ही मोर शाबूत होते. सागवानाबद्दल अध्यक्ष खरं बोलले होते.

अध्यक्षांनी एका मोरावरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाले, "जुनी पुस्तकं ना. कोकणातली. वाळवी त्यातूनच आली असणार." हे ते बाईंना म्हणाले नाहीत, हेडमास्तरांना म्हणाले, पण बाई मध्ये उभ्या होत्या. बाई खाली वाकून मातीतून काहीतरी निवडत होत्या. ते मोराचं पीस होतं. दांडीच तेवढी उरली होती.

मॉनिटर दारात सगळ्यांच्या पुढे होती. "बाई," ती म्हणाली, "मी दुसऱ्याच दिवशी आणून दिलं होतं."

"हो गं," बाई म्हणाल्या.

"मी सगळ्यांच्या आधी आणून दिलं होतं."

बाईंनी ती दांडी पुसून तिच्या हातात दिली.

पुढच्या आठवड्यात अध्यक्षांनी कपाटाची पाठ बदलून दिली. खरंच या वेळी सागवानी दिली. कपाट रिकामं शोभत नव्हतं, म्हणून हेडमास्तरांनी शुक्रवारी शेवटच्या तासाला सूचनेचा कागद वर्गावर पाठवला. परीक्षेच्या उजळणीसाठी दोन्ही तुकड्या एकत्र बसवल्या होत्या, त्यामुळे मीही वर्गात होतो. बाईंनी तो उभ्याने वाचला, सरकारी मराठीत होता तसा: ज्या विद्यार्थ्यांकडे ग्रंथालयाची पुस्तके अद्याप आहेत त्यांनी ती उद्याच्या आत जमा करावीत, नवीन संग्रहासह पुनश्च उद्घाटन होईपर्यंत ती कपाटात सुरक्षित ठेवण्यात येतील.

वाचून झाल्यावर त्यांनी कागदावरून डोळे वर केले. "कोणाकडे आहेत?"

गोराईची मुलगी फळ्याकडे बघत होती. तबेलेवाल्याचा मुलगा दप्तर मांडीवर घेऊन त्यावर दोन्ही कोपर टेकून बसला होता. मी मागून पाहत होतो. आणखी दोन-तीन दप्तरांवर तसेच कोपर होते; कोणाची होती ती दप्तरं ते मी सांगणार नाही, आज ती माणसं मोठी आहेत. नोंद न ठेवण्याबद्दल बाईंचं म्हणणं मला त्या दिवशी पटलं.

"मॉनिटर," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "हेडमास्तरांना कळवायचं आहे. वर्गात कोणाकडे पुस्तक आहे का?"

ती उभी राहिली. तिने आयुष्यात तोवर खोटं बोललेलं नव्हतं, मी पैजेवर सांगतो. गृहपाठ राहिला तर ती विचारायच्या आधी सांगत असे. तिने वर्गावरून एकदा नजर फिरवली, कोपरांवरून, दप्तरांवरून. सगळं तिला माहीत होतं.

"नाही, बाई," ती म्हणाली. "कोणाकडेच नाही."

बाईंनी कागदावर तसं लिहिलं आणि शिपायाकडे दिला. मग दार लोटलं.